अर्ध्या पैशांची भिंत

तू आलास तेव्हा वेशीवर कुणी फुलं टाकली नाहीत, लान्फ्रांको.
नोटरीने करार वाचला :
चाळीस भालाईत, नव्वद तिरंदाज,
घोड्यांचा चारा वेगळा,
मुदत सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत.
तू अंगठी मेणात दाबलीस आणि एवढंच विचारलंस,
"विहिरी किती?"

मी तुला लगेच ओळखलं.
आठ वर्षांपूर्वी तू याच भिंतीच्या पलीकडे होतास,
दुसऱ्या कुणाचा पगार खात.
उत्तरेचा कोपरा तू पाडलास
तेव्हा माझा भाऊ नुच्चो त्यावर उभा होता.
त्याचा एक बूट सापडला.
आई तो अजून चुलीशेजारी ठेवते,
ओला असल्यासारखा.

कास्तेल्वेरोत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.
म्हणून तर तुला बोलावलं.
बिशप म्हणाले, चावलेल्या कुत्र्यालाच माहीत असतं
मांस कुठे मऊ आहे.

तू भिंतीबाहेरची ऑलिव्हची झाडं तोडायला लावलीस.
चांभारांची आळी जाळलीस,
चांभारांना आधी सामान काढू दिलंस, तासभर.
मनोऱ्यातली घंटा उतरवून तिची तोफ ओतलीस.
आणि घरोघरच्या तळघरांत
पाण्याने भरलेल्या पराती मांडल्यास :
पाणी हललं, की समजायचं,
खालून कुणीतरी खणत येतंय.
आंधळी पेरोन्ना जमिनीला कान लावून झोपायची.
तिला तू शिपायाइतका पाव लावून दिलास.

ऑक्टोबरात खेचरं संपली.
तुझ्या माणसांना पगार म्हणून
आधी चांदीचे चमचे मिळाले, मग दारांच्या बिजागऱ्या,
मग नोटरीच्या सहीचे कागद.
अकरा जण दोरावरून उतरून निघून गेले.
तू शिव्या दिल्या नाहीस.
म्हणालास, "हिशेबाने वागले."

सेंट मार्टिनची रात्र.
तुझ्या घोड्यावर खोगीर चढलेलं मी पाहिलं.
पलीकडून पत्र आलंय, हेही कळलं होतं,
वाट मोकळी, वर दोनशे फ्लोरिन.
तू कंदील घेऊन उत्तरेच्या कोपऱ्यात आलास.
"गवंडी, ही डागडुजी तुझी?"
"माझी."
"आत काय भरलंयस?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
नगरसभेने नाही, बिशपांनी नाही,
पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा पाद्र्यानेही नाही.
मी सांगितलं :
बाहेरून दोन वीत चिरा.
आत माती, फुटकी कौलं, उकिरड्यावरची हाडं.
चुना नाही.
सभेने अर्धे पैसे दिले,
मी अर्धी भिंत बांधली.
जिथे माझा भाऊ गेला, तिथेच.

वाटलं, आता तलवार बाहेर येईल.
तू भिंतीवरून हात फिरवलास,
दुखऱ्या जनावराच्या मानेवरून फिरवावा तसा,
आणि नाकातल्या नाकात हसलास.
"म्हणजे आपण दोघेही मोलाचेच."

मग पंधरा पावलं आत मोजलीस.
टाचेने रेघ ओढलीस.
"इथे दुसरी. उजाडेपर्यंत कमरेएवढी."
दगड कुठून आणायचे, मी विचारलं.
तू नगरसभेच्या पायऱ्यांकडे पाहिलंस.

मध्यरात्री करार संपला.
मनोऱ्यात घंटा नव्हती,
त्यामुळे कुणाला कळलं नाही.
घोडा खोगिरासकट उभ्याउभ्या पेंगत होता.
हातमोजे काढून तू तिसरी पायरी खांद्यावर घेतलीस
आणि कण्हलास, म्हातारा हमाल कण्हतो तसा.
नुच्चोबद्दल तू काही बोलला नाहीस.
मीही नाही.

"ओळंबा धर," म्हणालास.
मी धरला.
दोरी थरथरत होती.
माझ्या हातामुळे,
की खालून ते खणत आले होते म्हणून,
कंदिलाच्या उजेडात दोघांनाही कळेना.